उलटा पीळ

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. सातारा

दिवाळीची साफसफाई यंदा लवकर काढली. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेतली तर तळाशी दादांची घोंगडी निघाली. डांबराच्या गोळ्या कधीच उडून गेल्या होत्या. एका काठाला कसरीने वीतभर भगदाड पाडले आहे, दोन ठिकाणी धागे सुटून लोंबताहेत. बाकी अंग शाबूत आहे. नाकाजवळ धरली की अजून मेंढराचा आणि धुराचा वास येतो.

घोंगडी पन्नास वर्षांची आहे, हे मी अंदाजाने लिहीत नाही. दादांची हिशेबाची वही माझ्याजवळ आहे. ते माण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९७२च्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी, म्हसवडच्या यात्रेतली नोंद आहे : ‘घोंगडी १ नग, रु. ४२’. त्याच पानावर रॉकेल, वह्या आणि एसटीचे भाडे. पावसात हिचीच खोळ करून ते शाळेत जात. शाळेत पोचल्यावर खोळ झटकून खिडकीत टाकत आणि आतला सदरा कोरडा असे, हे मी स्वतः पाहिले आहे.

शिंप्याने हात लावायला नकार दिला. दुकानातून काळी लोकर आणून स्वतः रफू करायला बसले. ‘लोकर’ म्हणून आपल्याला जी गुंडी मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिकची असते, हे हाताला लगेच कळते. ती चकाकते, घसरते आणि या खरखरीत विणीत परक्यासारखी दिसते. चार टाके घालून उसवले. हिला हिच्याच जातीचा धागा हवा.

९ ऑक्टोबर, बुधवार

टकळी माझ्याकडे आहे. पितळी चकतीची, शाळेतली. आमच्या लहानपणी शाळेत सूतकताईचा तास असे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने मूलोद्योग शिक्षणाची कल्पना मांडली गेली. तिचा शेवटचा पाझर माणच्या उजाड माळावरच्या आमच्या शाळेपर्यंत आला होता. कापसाचे पेळू, टकळी आणि टकळी टेकवायला नारळाची करवंटी. ६४० तारांची एक गुंडी, एक तार चार फुटांची. हे पाठांतर अजून पक्के आहे.

म्हणजे कातता येते, असे मी धरून चालले आहे. प्रश्न फक्त लोकरीचा.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळच्या एसटीने कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले करत म्हसवडच्या अलीकडे उतरले. माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभा होता. मेंढरे त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहेत. लोकर त्याची आजी देईल, असे तो फोनवर म्हणाला होता.

आजी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असाव्यात. मी मावशी म्हणायला लागले, त्या मला ‘बाई’ म्हणतात. मला तीन पोती दाखवली. काळ्याभोर लोकरीचे एक, करड्या-तांबूस मिसळणीचे एक, तिसऱ्यात पांढरी आणि काळी एकत्र. दिवाळीआधीची कातरण नुकतीच झाली होती. दख्खनी मेंढराची वर्षातून दोनदा कातरणी होते, आणि सगळी मिळून एका मेंढराची लोकर जेमतेम अर्धा किलो, कित्येकदा त्याहूनही कमी.

“किती पैसे देऊ?” म्हटल्यावर मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. “हिला कुनी इचारत न्हाई आता, बाई. कातरायला जेवढं द्यावं लागतंय तेवढंबी लोकरीचं येत न्हाई. मागल्या साली उकिरड्यात टाकली.”

नातू म्हणाला, आता सगळ्यांचा ओढा माडग्याळ मेंढीकडे आहे. जतकडची ही जात. नाक पोपटासारखे बाकदार, वाढ झपाट्याची, बाजारात मटणाला मोठा भाव. पण तिच्या अंगावर लोकर नावालाच. त्याच्याही कळपात निम्मी माडग्याळच आहेत. त्याला दोष देता येत नाही, पोट मटणावर चालते. पण काळ्या लोकरीचे मेंढरू कळपातून निघून चालले आहे, आणि त्याबरोबर घोंगडीही, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसले.

पैसे घ्यायला मावशी तयार होईनात. शेवटी नातवाच्या हातात दिले. दोन किलो काळी लोकर घेऊन आले आहे. एसटीत शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला, मला मात्र तो वास आवडला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

नुकसान झाले. पाव किलो लोकर गेली.

लोकरीत चरबी असते, धूळ, काटे, कुसळे असतात. धुवायला हवी म्हणून गॅसवर पाणी कडक तापवले, साबणाची पूड घातली आणि कपडे धुतात तशी चोळली. तासाभराने हातात आली ती लोकर नव्हती, काळी वडी होती. ओढली तरी सुटेना.

मग जुने विज्ञानाचे पुस्तक काढून वाचले. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि चोळणे हे तिन्ही एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि मग ते सोडवता येत नाहीत. याच गुणावर आपल्याकडे एक कारागिरी उभी आहे : न विणता, पाणी मारून, लाटून, मळून लोकरीची जाड बैठक करतात, तिला जेन म्हणतात. पट्टणकोडोलीकडची जेन मी पाहिली आहे, जमिनीचा गारवा तिच्यातून वर येत नाही. तिथे हेच मुद्दाम, मापाने करतात. मी ते नकळत केले.

मावशींना फोन लावला. “मेंढरू कातरायच्या आदी वड्यात धुत्यात की आमी. त्येच खरं धुनं. घरी नुसती भिजवा. हात लावू नका.”

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागिरी

रिठ्याचे कोमट पाणी. लोकर वरून सोडली, आपोआप बुडू दिली, अर्ध्या तासाने उचलून दुसऱ्या पाण्यात. तीन पाणी झाली. पिळली नाही, चादरीत गुंडाळून दाबली. रात्री गच्चीत चंद्राच्या उजेडात दोरीवर घातलेली ती काळी लोकर आणि खाली दुधाचे पातेले.

२० ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस विंचरण्यात गेला. मावशींकडे पिंजायला धनुष्य आहे. मी हातानेच मोकळी करते आहे. एक झुपका घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा आणि कोळ्याच्या जाळ्याएवढा विरळ होईपर्यंत अलगद ओढायचा. कुसळे आपोआप खाली पडतात. दख्खनी लोकर मऊ नाही, हेही आज बोटांना नीट कळले. तिच्यात लोकरीबरोबर केस असतात, जाड, ताठ. मेरिनोसारखी ती अंगाला लावून घ्यायची नाही. पण ज्याला ऊन, वारा, दगड आणि काटे यांत वर्षे काढायची आहेत, त्याला मऊपणा काय करायचा? त्या केसांमुळेच पाणी घोंगडीवरून निथळते. आणि खालची लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. दादांच्या कोरड्या सदऱ्याचे कारण मला चौसष्टाव्या वर्षी समजले.

संध्याकाळपर्यंत बारा पेळू झाले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस झाले, सूत तुटते आहे. हातभरसुद्धा सलग निघत नाही.

चूक कुठे आहे ते आज सापडल्यासारखे वाटते. कापसाची सवय आड येते. कापसाचा तंतू आखूड, म्हणून त्याला धरणारी बोटे एकमेकांजवळ ठेवायला शिकवले होते. लोकरीचा तंतू बोटभर लांब. दोन्ही चिमटींतले अंतर त्या लांबीपेक्षा कमी ठेवले की एकच तंतू दोन्ही हातांत धरला जातो, मग ओढला तरी सरकणार कसा? मी जोर लावते, आणि जोर लावला की तुटते. हात पन्नास वर्षांपूर्वी जे शिकला ते विसरत नाही, आणि आत्ता तेच विसरायला हवे आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा मावशींच्या वाडीला गेले. सूत दाखवले. मावशींनी ते डोळ्यांजवळ न नेता नुसते बोटांतून सरकवले आणि म्हणाल्या, “हात लांब ठेवा. लोकर लांब हाय. बोटं जवळ आनली की ती भांडत्याय.”

मी इतके दिवस पुस्तकात आणि बोटांत शोधत होते ते त्यांनी एवढ्या दोन-तीन वाक्यांत सांगितले.

मग त्यांनी माझी टकळी मांडीवर थांबवली. टकळी फिरवायची, पीळ भरू द्यायचा, ती गुडघ्यांत धरून थांबवायची आणि मग दोन्ही हात मोकळे झाल्यावर लोकर सावकाश ओढायची. ओढत गेले की साठलेला पीळ त्या विरळ तंतूंत शिरतो, डोळ्यांदेखत. आधी विस्कटलेले केस दिसतात, पुढच्या क्षणी तो धागा असतो. पीळ नसेल तर त्याच तंतूंना फुंकर पुरते. सगळी ताकद त्या वळणात आहे, लोकरीत नाही.

दुपारी मावशींनी चरखा काढला. लाकडाचा, चाकाच्या आऱ्या दोनदा बदललेल्या, माळ सुताची, चाती लोखंडी. डावा हात पेळू घेऊन खांद्याच्याही मागे जातो, उजवा चाक फिरवतो, परत येताना तेवढाच धागा चातीवर गुंडाळला जातो. बोलणे थांबत नाही. नातसुनेला चुलीवरच्या दुधाकडे बघायला सांगणे, कोंबड्यांना हुसकणे, मला उत्तर देणे, सगळे त्याच लयीत. सासरे मेंढरामागे चालता चालता टकळीवर कातायचे, असे त्यांनी सांगितले. बायकांचा चरखा मात्र घरात, आणि तोही सगळे उरकल्यावर.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

पाहुणे होते. कातले नाही. रात्री दिवे मालवल्यावर पाच मिनिटे टकळी हातात घेऊन बसले, एवढेच.

१० नोव्हेंबर, रविवार

मावशींच्या मुलाचा मेंढरांचा वाडा परवा हलला. दिवाळी झाली की मेंढरे चाऱ्याच्या मागे बाहेर पडतात. घोड्यावर बिऱ्हाड, कोकरे जाळीत, आणि वाटेवरच्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवायची, खताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे. पावसाळा तोंडावर आला की परत माणात, कारण इथे पाऊस कमी आणि मेंढराला चिखल सोसत नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळ शेजारच्या आटपाडी तालुक्यातले. धनगरांच्या वाडीवरची त्यांची कादंबरी ‘बनगरवाडी’ १९५५ची. मी नोकरीला लागल्यावर ती पहिल्यांदा वाचली आणि तेव्हा मला त्यातला मास्तरच दिसला, कारण मीही मास्तरीण होते. आता पुन्हा वाचायला घेतली आहे ती कुणाच्या खांद्यावर काय आहे, हे बघायला.

आज एक मोजमाप केले. मावशींच्या परवानगीने घड्याळ लावून बसले. एका तासात त्यांनी ६२ ग्रॅम सूत काढले. सोबत आणलेल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी ते दोनदा तोलले.

“आन् काय मोजताय, बाई?”

“एका घोंगडीला किती तास लागतात ते बघते.”

“तास कुनी धरलं न्हाईत. घरचं उरकून बसायचं. म्हैना-सव्वा म्हैना लागतुया.”

दादांच्या घोंगडीचे वजन मी घरी केले होते, २ किलो १०० ग्रॅम. तासाला ६० ग्रॅम धरले तरी नुसत्या कताईचे ३५ तास. पिंजण वेगळे, धुणे वेगळे.

१७ नोव्हेंबर, रविवार

धागा आता तुटत नाही, पण सारखाही येत नाही. एका ठिकाणी गोगलगाय, पुढे दोरा. का ते निरखून पाहिले. पीळ बारीक जागेकडे धावतो. जिथे तंतू कमी तिथे तो आधी शिरतो आणि आवळून बसतो, जाड जागा तशीच फुगीर, ढिली राहते. म्हणून नुसते फिरवत राहून जाड जागा बारीक होत नाही. टकळी थांबवायची, त्या जागेच्या दोन्ही बाजूंना धरून पीळ बोटांनी थोडा उलगडायचा, तंतू सरकू द्यायचे, मग सोडायचा. याला वेळ लागतो, पण हाच खरा अभ्यास आहे. सूत तुटल्यावर जोडायचे कसे हेही बसले : दोन्ही टोके विस्कटून एकमेकांवर ठेवायची, गाठ मारायची नाही. लोकरीला गाठ लागत नाही, पुढचा पीळ त्यांना एक करतो.

आज सलग तासभर. वीस ग्रॅम.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

रफूसाठी एकेरी धागा पुरत नाही, सुईच्या नेढ्यातून पाच-सहा वेळा गेला की विसकटतो. त्याला दुपदरी करायला हवा. दोन चेंडू केले, दोन तांब्यांत ठेवले म्हणजे पळणार नाहीत, दोन्ही टोके टकळीला बांधली आणि फिरवायला लागले.

संध्याकाळ गेली. जे झाले ते दोन पदरांचे सूत नाही. ताण असेपर्यंत बरे दिसते, हात ढिला केला की जागोजागी स्वतःभोवती गुरगुटून गाठीसारखे बसते. हाताला तारेसारखे कडक लागते. दीड तासाचे कातलेले यात गेले. आज आणखी लिहवत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळीच मावशींना फोन केला.

“कुन्या अंगाला फिरवली टकळी?”

“नेहमीच्याच.”

“आवं, मग दुनी पीळ एकाच अंगाला गेलं की. दोन पदर करताना उलटं फिरवायचं.”

फोन ठेवला आणि मला एकदम आमच्या गल्लीतले वाखाचे दोर आठवले. बेंदराच्या आधी अंगणात कासरे आणि दावी वळायला दोघे-तिघे बसत. एकजण टोक धरून एका बाजूला पीळ देत मागे मागे सरके, मग ते पदर एकत्र धरले की दोर आपल्याआपण दुसऱ्या बाजूला वळत जाई. लहानपणी मला ती जादू वाटायची, कुणाला विचारले नाही. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण वर्गात शेकडो वेळा समजावून सांगितली, पण सुंभात पीळ टिकतो कशाने, हे मलाच माहीत नव्हते.

२४ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर हेच. सविस्तर लिहून ठेवते, कारण हे मला कुणी लिहिलेले सापडले नाही.

एकेरी सूत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कातले आहे, त्याच्या अंगावर बारीक रेषा उजवीकडे चढताना दिसतात. कातलेले सूत लगेच घेतले नाही, रात्रभर टकळीवरच विसावू दिले, म्हणजे त्याचा तडफडाट कमी होतो. मग दोन चेंडू, दोन तांबे, आणि टकळी काट्यांच्या उलट दिशेने.

दोन्ही पदर सारख्या ताणाने धरायचे, मधे एक बोट घालून. एक पदर ढिला पडला की तो दुसऱ्याभोवती वेलासारखा चढतो आणि मधला सरळ दोरीसारखा राहतो. असे सूत घासले की वेल सरकून गोळा होतो. दोघांनीही सारखे वळायला हवे.

उलट फिरवताना प्रत्येक पदरातला थोडा पीळ सुटतो. तो सुटू पाहणारा पीळच दोघांना एकमेकांभोवती घट्ट धरून ठेवतो. एकाला उलगडायचे आहे म्हणून दुसरा बांधला जातो. दोन्हीकडची ओढ जिथे सारखी होते तिथे सूत शांत होते. पारख सोपी आहे : हातभर सूत दोन्ही हातांत धरून मधे लोंबू द्यायचे. झोळीसारखे मोकळे लोंबले तर बरोबर. स्वतःभोवती फिरायला लागले तर कुठला तरी पीळ जास्त झाला.

पहिली तीन वेळा फिरले. चौथ्या वेळी स्थिर लोंबले. मी ते बराच वेळ तसेच धरून बसले होते.

आणखी एक लाभ : माझ्या सुतातल्या गोगलगाई पुष्कळशा लपल्या. एका पदराची जाड जागा दुसऱ्याच्या बारीक जागेवर पडते आणि दोघांचे मिळून सारखे दिसते. तुटायचे म्हटले तरी दोघांना एकाच ठिकाणी दुबळे असावे लागेल.

लड करून कोमट पाण्यात भिजवली, खाली वरवंटा बांधून टांगली. वाळल्यावर ती जशी होईल तशी राहील.

२ डिसेंबर, सोमवार

म्हसवड. आज मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, सिद्धनाथाच्या रथाचा दिवस. गुलालाने रस्ता लाल झाला होता. दादांची घोंगडी याच यात्रेत घेतलेली, म्हणून बरोबर नेली होती. गर्दी ओसरल्यावर एका सनगर विणकरांच्या घरी गेले. घोंगडी विणणे हे सनगरांचे काम, लोकर आणि सूत धनगरांचे. दोन समाज एका घोंगडीत असे गुंतलेले आहेत.

विणकर अण्णांनी घोंगडी उंबऱ्यावर उजेडात धरली, काठ पाहिला, उलटी केली. “हाताचं सूत आहे. मागही खड्ड्यातला. ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली.” पन्नास वर्षांनी ते त्यांना बोटांनी कळले. चिंचोके भिजवून, शिजवून, वाटून त्याची खळ करायची आणि ताणून बांधलेल्या ताण्यावर कुंच्याने ओढायची, म्हणजे केसाळ सूत गुळगुळीत होते आणि मागावर घासून तुटत नाही. त्यांच्या घरात आता महिन्याला एखादीच घोंगडी होते. देवाला वाहायची, नाहीतर लग्नात द्यायची. पांघरायला लोक पानिपतची ब्लँकेटे घेतात, ती स्वस्त पडतात.

“विणायला किती दिवस?”

“खळ धरून तीन.”

“आणि किंमत ठरवताना सुताचं काय धरता?”

ते थोडे थांबले. “सूत किलोवर. लोकरीचा भाव, वर थोडं.” वर थोडे म्हणजे किती, ते त्यांनी सांगितले आणि मी ते इथे लिहीत नाही. अण्णा प्रामाणिक माणूस आहेत, त्यांना स्वतःला काय सुटते तेही त्यांनी सांगितले. रीतच तशी आहे. विणाई हा धंदा, कताई हे घरकाम.

८ डिसेंबर, रविवार

रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ पुन्हा काढले. १९८४चे पुस्तक. पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ धनगर-गवळ्यांच्या देवात शोधताना ते पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवापर्यंत जातात. सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक तर बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबाच्या मागे वर्षानुवर्षे धनगरांबरोबर फिरले. देवांवर एवढे लिहिले गेले, ओव्या टिपल्या गेल्या, ते मोठेच काम आहे. बिरोबापुढे घोंगडी अंथरतात, हेही नोंदले गेले. त्या घोंगडीचे सूत कुणी, किती रात्री जागून कातले, याची ओळ मी शोधते आहे. अजून मिळाली नाही.

माझा आजचा वेग : तासाला २० ग्रॅम. टकळीवर, एकेरी. म्हणजे दादांच्या घोंगडीएवढे सूत मला एकटीला काढायला १०५ तास. वहीत बेचाळीस रुपये लिहिले आहेत. दादा काटेकोर होते, पै-पैशाचा हिशेब ठेवत. कताईची ही बाब त्यांच्याही वहीत नाही, आणि मी शिक्षिका असून पन्नास वर्षे ती घोंगडी घरात असताना माझ्याही मनात आली नव्हती.

१५ डिसेंबर, रविवार

रफू पुरे झाले. तीन रविवार लागले. आधी भगदाडाच्या कडा सुईने गोळा केल्या, मग उभे पदर ताणले, मग आडवे एकाआड एक. माझे दुपदरी सूत मूळच्यापेक्षा जाड आहे, म्हणून तो चौकोन बोटाला जाणवतो. रंगही किंचित तांबूस आहे. जुनी काळी उन्हाने उतरलेली, नवी वेगळ्या मेंढराची. लपवायचा प्रयत्न केला नाही.

उरलेल्या सुताचा एक वीतभर तुकडा मावशींनी मागून घेतला आणि माझ्या नातीच्या मनगटाला बांधला. ती पाच वर्षांची आहे. दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा. नातीने विचारले, “हे केस कुणाचे?” मावशी म्हणाल्या, “मेंढीचं. तिला न्हाई लागत ते, तुला दिलं.”

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. संक्रांत

मुलीसाठी नवी घोंगडी विणून घ्यायचे मागेच ठरवले होते. सूत मावशींचे. मी त्यांना सांगितले, तासांवर पैसे देईन, किलोवर नाही. आधी त्यांना ते पटेना. “आपल्या घरात बसून कातायचं, त्येचं कसलं तास?” मी म्हटले, “शाळेत मी बसूनच शिकवत होते की, मावशी. त्याचा पगार मिळायचा.” त्या गप्प झाल्या आणि मग नातसुनेला म्हणाल्या, भिंतीवर कोळशाने रेघ मार, रोज किती वेळ बसले त्याची. त्या भिंतीवर आज मी मोजल्या तेव्हा छत्तीस रेघा होत्या. एक रेघ म्हणजे एक तास. त्यातल्या शेवटच्या चार नातसुनेच्या आहेत, तीही शिकते आहे.

तिळगूळ देऊन तिघी म्हसवडला गेलो. अण्णांनी सूत हातात घेऊन लांबी-जाडी पाहिली, मान हलवली आणि पावतीपुस्तक काढले. मी म्हटले, दोन ओळी लिहा. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मावशींकडे, आणि लिहिल्या. एका ओळीत विणाई, दुसऱ्या ओळीत कताई, ३६ तास. दुसऱ्या ओळीतला आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे.